सांधेवाल्याची जागा

ऑक्टोबर लागला की आमच्या घरातली दारं पुन्हा नीट बसायला लागतात. पावसाळाभर खाडीकडची ओल लाकडात शिरलेली असते. बेडरूमचं दार चौकटीला घासतं आणि शुभांगी, माझी बायको, ते खांद्यानं ढकलते. मग एका सकाळी ते आवाज न करता मिटतं. मी ड्रॉवरमधून पट्टी काढतो आणि दार आणि चौकट यांच्यामधली फट मोजतो. या वर्षी तीन मिलिमीटर भरली.

"मोजून काय करणार?" शुभांगीनं विचारलं. "दाराला प्रमोशन देणार?"

तिला तेवीस वर्षांत या सवयीचा त्रास झाला नाही असं नाही. पण आता ती हसून सोडून देते. मला मात्र हा महिना मोजमापाचाच वाटतो. पारसिकच्या डोंगराचा हिरवा रंग वरून खाली उतरायला लागतो. वाळत घातलेला टॉवेल दीड तासात कडक होतो. घणसोली गावाकडून वारा आला की सुकत घातलेल्या जवळ्याचा वास सातव्या मजल्यापर्यंत पोचतो. हवेतली ओल गेलेली असते, त्यामुळे आज घेतलेलं माप पुढच्या आठवड्यातही तेच राहतं. आपण मोजलेलं टिकतं, यासारखं समाधान नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी एक खोली मोजली होती. आमची मुलगी मृणाल पुण्याला नोकरीला गेल्यापासून रिकामी असलेली ती खोली. बिल्डरच्या कागदावर दहा फूट बाय नऊ फूट. प्रत्यक्षात खिडकीची भिंत तीन हजार चाळीस मिलिमीटर, तिच्या समोरची तीन हजार बावीस. मी प्रत्येक माप तीनदा घेतलं. फळ्या ठोकायला दिघ्याहून आलेल्या सुतारानं कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "साहेब, ही भिंत गुण्यात नाही." मी वहीतले आकडे दाखवले. अठरा मिलिमीटरचा फरक मला आधीच सापडला होता. त्यानं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं असावं, असा माझा समज आहे.

खोली मोजायचं कारण होते आबा.

माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. गाडीनं कुठल्या रुळावर जायचं ते सांध्यावर ठरतं, आणि तो सांधा फिरवणारा खटका ओढायला एक माणूस लागतो, तो सांधेवाला. कुर्डुवाडीच्या पुढं छोट्या लाईनवर एक लहानसं स्टेशन होतं. दोन रूळ, मालाची एक बाजूची लाईन, पाण्याची टाकी. आमचं क्वार्टर टाकीच्या मागं. त्या स्टेशनवर आबांनी अठ्ठावीस वर्षं काढली. पुढं छोटी लाईन गेली, मोठी आली ती थोडी बाजूनं, आणि ते स्टेशन कुणाच्याच उपयोगाचं राहिलं नाही. आबा जवळच गावात घर बांधून राहिले. आई गेल्यावर एकटेच.

त्याच वर्षी मार्चमध्ये ते न्हाणीत घसरून पडले. दूधवाला बबन येईपर्यंत दीड तास तसेच पडून होते. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही बबनकडून. विचारलं तर आबा म्हणाले, "पडलो म्हंजी काय, बसलोच व्हतो की खाली."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला मी त्यांना घरी आणलं आणि मृणालच्या खोलीत त्यांची खाट टाकली. ऑपरेशननंतर सहा आठवडे डोळ्यात थेंब घालायचे होते: पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा वेळा, मग पाच, मग चार, असं उतरत शेवटच्या आठवड्यात एकदा. एकूण एकशे सत्तेचाळीस वेळा. मी तक्ता करून फ्रिजवर लावला आणि शुभांगी प्रत्येक वेळी त्यावर खूण करायची. आबांनी पहिल्याच दिवशी तक्त्याचा शेवटचा चौकोन कुठला ते विचारून घेतलं.

"ह्यो चौकोन भरला की म्या चाललो."

"आबा, इथंच राहा की आता."

"हितं मला काम काय रं? लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर. डब्यागत."

मी मनात हिशोब केला. बेचाळीस दिवस. बेचाळीस दिवसांत आबांना इथं काम द्यायचं.

आमच्या ऑफिसातल्या एकानं मला रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती आखायचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. खोलीच्या भिंती आकड्यांत भरायच्या. मग बाजूच्या यादीतून रुळाचे तुकडे उचलून आणायचे. एकाशेजारी दुसरा नेला की ते आपोआप जोडले जातात. चढ किती, वळण किती, डबा वळताना भिंतीला घासेल का, हे सगळं ते तपासतं. चुकलं असेल तिथं लाल ठिपका येतो आणि खाली त्रुटींचा आकडा दिसतो. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. इतका सरळ स्वभाव माणसांतही कमी असतो.

मी ठरवलं, आबांचं स्टेशन करायचं. सत्त्याऐंशीला एक, हे प्रमाण. छोट्या लाईनच्या दोन रुळांतलं अंतर सातशे बासष्ट मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं की आठ पूर्णांक शहात्तर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. फरक शून्य पूर्णांक चोवीस. म्हणजे खऱ्या लाईनवर एकवीस मिलिमीटर. हा फरक स्वीकारावा की नाही, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी स्वीकारला.

रूळ जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतीला धरून फळ्यांवर. चारी भिंतींना फिरून गाडी पुन्हा स्टेशनात. दारातून जाताना एक पक्का पूल, कारण उचलता येणारा पूल केला की दोन्ही टोकांना अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं होतो आणि चाक उतरतं. पुलाखालून वाकून आत जायचं. मधोमध आबांची खाट. सांधे मोटरवर, खाटेवर बसून बटण दाबलं की सांधा फिरेल. आबांना उठायचेही कष्ट नाहीत. कपाट मी माऊसनं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. शुभांगी मागून बघत होती.

"खरं कपाट पण असंच उचलणार का? नाही, मला टेन्शन नको म्हणून विचारते."

सतराव्या दिवशी आराखडा पूर्ण झाला. खाली आकडा आला: त्रुटी शून्य. एकही लाल ठिपका नाही. आबांना मी काही सांगितलं नव्हतं. आधी करून दाखवायचं, मग बोलायचं, हा माझा नियम आहे.

त्याच आठवड्यात दसरा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आबा पांढरा सदरा आणि ऑपरेशनचा काळा चष्मा घालून आमच्याबरोबर विहारात आले. वंदना झाल्यावर तिथल्या मंडळींनी त्यांची चौकशी केली. एकानं विचारलं, "मग काय, आता इथंच ना लेकाकडं?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या काचांमागून काय पाहिलं ते कळलं नाही. "थेंब हाईत तवर," ते म्हणाले.

विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी खोलीत सुतळी बांधून पाहिली. एक मीटर उंचीवर, चारी भिंतींना धरून आणि दारातूनही, जिथून पूल जाणार होता तिथून. आराखडा पडद्यावर बरोबर असला तरी जागेवर ताणून पाहावा. ऑफिसातही आम्ही तसं करतो. मी दहा वेळा वाकून आतबाहेर केलं. एकदाही सुतळीला डोकं लागलं नाही. समाधानानं मी घणसोली गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ब्रॅकेट आणायला गेलो.

परत आलो तर आबा हॉलमध्ये बसले होते. खालून फेरी मारून आलेले, काठी गुडघ्यांमध्ये. रविवारी दुपारी ते खोलीत पडतात. मी विचारलं, "झोपला नाहीत?" ते म्हणाले, "न्हाय आली." चारला शुभांगीनं चहा दिला. अर्धा कप संपल्यावर आबा अगदी साध्या आवाजात बोलले.

"संजू, थेंब तिकडंबी घालता येत्यात. बबनची बायको घालंल. उद्याची गाडी बघ."

"उद्याची? का? काय झालं?"

"काय न्हाय. खोली लागत असंल तुमाला. दोरी बांधलीया न्हवं दारात. दोरी बांधली की फुडं जायचं नसतं, एवढं कळतं मला. अठ्ठावीस वर्सं त्येच केलंय."

लाईनवर काम चालू असलं की आडवी दोरी लावतात, आणि दोरीपुढं कुणी पाय टाकत नाही. आबा दारापर्यंत गेले होते, दोरी पाहिली होती, आणि वळून हॉलमध्ये येऊन बसले होते. दोन तास.

शुभांगी स्वयंपाकघरातून आली आणि सरळ खोलीच्या दारापाशी गेली. तिनं दोरी पाहिली, आत पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही इथून गाडी जाणार? कायमची?"

"पूल आहे तो."

"आणि आबांनी रोज वाकून आत जायचं? पाच वेळा आत, पाच वेळा बाहेर? अहो, तुमच्या हिशोबात माणसाला गुडघे नसतात का?" ती थांबली नाही. "चार भिंतींना रूळ, दारात आडवी दांडी आणि मधे आबा. याला खोली नाही म्हणत."

मी स्वतःला हिशोबी समजतो, म्हणून ही चूक कशी झाली ते नंतर नीट शोधून काढलं. मी द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात प्लॅनिंगला आहे. कुठला डबा कुठल्या थरात ठेवायचा, क्रेन कुठून वळणार, ट्रेलर कुठून निघणार, हे सगळं आम्ही नकाशावर ठरवतो. त्या नकाशात माणूस काढत नाहीत. डबे हलतात तिथं माणसानं असायचंच नसतं. दिसला तर काम थांबवतात. अठरा वर्षं मी माणूस नसलेले नकाशे बिनचूक काढत आलो. आबांच्या गाडीच्या प्रत्येक डब्याला वळणावर दोन्ही बाजूंनी किती मोकळी जागा लागते हे मी तपासलं होतं, फक्त आबांना किती लागते हे तपासलं नव्हतं. सॉफ्टवेअरनं विचारलं नाही, आणि मीही नाही.

पण त्या चहाच्या वेळी एवढं सगळं सुचलं नव्हतं. मी फक्त लॅपटॉप आणला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला.

"आबा, हे बघा. तुमच्यासाठी करत होतो."

त्यांनी काळा चष्मा काढला. नवा डोळा पडद्याजवळ नेला. "ह्ये काय? रांगोळी?"

"स्टेशन आहे."

"कुठलं?"

"आपलं."

मी पडदा मोठा करून दाखवत होतो. मग त्यांचं बोट काचेवर टेकलं. "आपलं? मग टाकी ह्या अंगाला का घातलीस? टाकी पल्याड. हितं तुझी आई कपडं वाळत घालायची." बोट सरकलं. "मालाची लाईन ह्या अंगाला न्हाय, त्या अंगाला." आणखी सरकलं. "आन् ही लाईन भिंतीकडनं कुठं चालली?"

"गोल फिरून परत स्टेशनात येते. गाडी थांबतच नाही."

"गोल?" आबा माझ्याकडं बघायला लागले. "आपली गाडी गोल कवा फिरली रं? गेली की दुसऱ्या टोकाला थांबायची, इंजान सुटायचं, बाजूच्या लाईनीनं फिरून म्हागं जोडायचं, मग परत. घान्याच्या बैलागत गोल गोल फिरतीया व्हय?"

शुभांगी हसायला लागली. आबाही थोडे हसले. मग त्यांनी सांध्यावर बोट ठेवलं.

"ह्यो सांधा कोन फिरवतंय?"

"मोटर. तुम्ही खाटेवरून बटण दाबायचं."

"आन् मानूस कुठं उभा ऱ्हातो?"

पुलाचा प्रश्न शुभांगीनं गुडघ्यांवरून काढला होता; आबांनी गुडघ्यांचं नावही घेतलं नाही. ते सांधेवाल्याबद्दल विचारत होते. गाडी येताना दिसली पाहिजे, खटका हाताला आला पाहिजे, झेंडी हलवायला कोपर मोकळं पाहिजे, हे सगळं त्यांनी उभं राहून दाखवलं. काठी बाजूला ठेवून, आमच्या हॉलमध्ये, टीव्हीकडे तोंड करून. मी मीटरपट्टी आणली आणि त्यांच्या दोन्ही कोपरांमधलं अंतर घेतलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सातशे चाळीस."

"लिव्ह की मग."

त्या संध्याकाळी मी गोल काढून टाकला. सतरा दिवसांचं काम. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. आता लाईन फक्त दोन भिंतींना धरून, काटकोनात. दार मोकळं. उद्याच्या गाडीचं नाव मग कुणी काढलं नाही. नव्या आराखड्यात खाली आकडा आला: त्रुटी दोन. रुळाची दोन्ही टोकं उघडी आहेत, असं त्याचं म्हणणं. ते आपल्या जागी बरोबर आहे. त्या दोन त्रुटी आजही आराखड्यात आहेत आणि मला त्यांचं काही वाटत नाही. हे वाक्य मी लिहीन असं माझ्या ऑफिसात कुणाला खरं वाटणार नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मला या महिन्याच्या उन्हाबरोबर आठवतात. मी साडेसहाला घरी यायचो; खिडकीत अजून ऊब असायची. आबा लॅपटॉपसमोर बसलेले. माऊस त्यांना जमला नाही. ते बोटानं दाखवायचे, मी हलवायचो. काचेवर बोटांचे ठसे पडायचे. शुभांगी थेंब घालायला यायची तेव्हा ते मान वर करून, डोळा उघडा ठेवून बोलतच राहायचे. उन्हाळ्यात रूळ वाढतात म्हणून जोडावर फट ठेवतात, ती कमी राहिली की रूळ कसा सापासारखा वळतो, हे त्यांनी मला बावन्नाव्या वर्षी शिकवलं. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. लहानपणी मला आबांच्या नोकरीचं एकच माहीत होतं: ते जेवताना मध्येच उठून जायचे.

नव्या आराखड्यात गाडीच्या एका फेरीला सहा वेळा सांधे फिरवावे लागत होते आणि दोन माणसं लागत होती, एक या टोकाला, एक त्या. मी हे आबांना आकड्यांसह दाखवलं.

"मग?" ते म्हणाले. "एक तू, एक म्या."

ते सहज बोलून गेले, पण फ्रिजवरच्या तक्त्यात तेव्हा नऊच दिवस उरले होते.

मग लांबीचा वाद निघाला. फलाटाच्या टोकापासून शेवटच्या सांध्यापर्यंत किती?

"तीनशे पावलं."

"किती लांबीचं पाऊल?"

"पाऊल म्हंजी पाऊल."

मी त्यांना सोसायटीच्या पॅसेजमध्ये दहा पावलं चालायला लावलं. पाच मीटर साठ. म्हणजे एक पाऊल छप्पन्न सेंटिमीटर. पण ते आजचं. तिशीतल्या आबांचं पाऊल सत्तरचं असणार. छप्पन्ननं धरलं तर लाईन भिंतीवर एक हजार नऊशे एकतीस मिलिमीटर येते, सत्तरनं धरलं तर दोन हजार चारशे चौदा. चारशे त्र्याऐंशीचा फरक. असा फरक मी सोडू शकत नाही.

"सोडू नगंसच," आबा म्हणाले. "जुना फलाट हाय अजून. सांध्याचा चबुतराबी हाय. थेंब संपू दे, म्या जाऊन मोजून येतो. आता छप्पन्नचं पाऊल ठावं झालंय न्हवं."

शेवटचा चौकोन भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले. त्यांची पिशवी मी उचलली तेव्हा ती आणली होती तेवढीच जड लागली. दोन्ही धोतरं, सदरे, दाढीचं सामान, चपलांचा दुसरा जोड. मागं काही ठेवलं नव्हतं. मोजायला जाणारा माणूस चार दिवसांचे कपडे घेतो. खोलीत खाटेवर घडी घातलेली चादर होती.

मी शुभांगीला म्हटलं, "हे परत येणार नाहीत."

"येतील."

"कशावरून?"

"कशावरून काय कशावरून! सगळं पडद्यावर दिसतं का?"

पहिल्या दिवशी फोन आला, पोचलो. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी यार्डात होतो, पत्र्याच्या केबिनमध्ये, समोरच्या नकाशावर दोनशे डबे. बबनच्या नंबरवरून फोन आला. मागं वारा ऐकू येत होता आणि कुणीतरी शेळ्यांना हाकलत होतं.

"संजू, हितं लई बाभळी माजल्यात. बबन फुडं व्हऊन तोडतुया. दोनदा मोजलं. येकदा जाताना, येकदा येताना."

"आबा, तुम्ही एकटे चबुतऱ्यावर चढू नका."

"चढलो की."

विचारायचं ते एकच होतं आणि त्याला आकडा नव्हता.

"घरी सगळं ठीक आहे ना तिकडं? म्हणजे, राहायला काही लागत असेल तर—"

"ऱ्हायला?" आबांचा आवाज वाऱ्यावर चढला. "ऱ्हायला कोन आलंय? कुलपाची चावी दिली बबनकडं. मापं घ्यायला आलोय म्या. बुधवारी येतो."

मी समोरचा नकाशा बाजूला सारला आणि पेन उचललं.

"किती भरलं, आबा?"

"लिव्ह. तीनशे बावन्न."